गोल आवाज

रविवार, ५ जानेवारी २०२५

“गोल आहे” म्हणाले. शी! काय बोलले मी हे! गोल!

माजिवड्याहून आत्ता आलो. पाय सुजलेत, डोकं भणभणतंय आणि अक्षदा मात्र खूश. का, तर आईनं होणाऱ्या सासरच्यांसमोर तोंड सांभाळलं! लेकीला आईच्या गप्प बसण्याचा एवढा आनंद व्हावा? आणि आई काय रस्त्यावरची आहे? उभं आयुष्य डोंबिवलीत गाणं शिकवतेय मी.

माणसं बघायला गेलेलो, स्पीकर बघून आलो. अक्षदाच्या प्रीतमचे वडील, मारुतीराव जगदाळे, रिटायर झाल्यापासून त्यांना हाच नाद. हॉलमध्ये माणसाएवढे उंच दोन स्पीकर, मधे काळाकुट्ट ॲम्प्लिफायर, सोफा भिंतीपासून पुढे ओढलेला. पडदे लावले, दिवे मालवले, भर दुपारी घराचं थिएटर केलं. चहासुद्धा चाचपडत प्यायलो. मग म्हणाले, “ताई, तुम्ही गाण्यातल्या. आम्हाला काय कळतंय? तुम्ही ऐका आणि मोकळ्या मनानं सांगा. खरं खरं हं!”

यमन लावला. गाणारी बाई चांगली होती. पण आवाज! गोधडी पांघरून गातेय जणू. तंबोरे कुठे गेले पत्ता नाही. तबल्याच्या काठावरची चाट ऐकू येईना, नुसता डग्गा घुमतोय. एवढी सगळी यंत्रं आणि आतून निघतंय काय, तर बोदा, दबलेला आवाज. ह्यांनी दोनदा “फारच छान” म्हटलं. ह्यांना कुकरची शिटीसुद्धा छान वाटते.

जाताना गाडीतच अक्षदानं हात धरलेला. “आई, प्लीज. फक्त छान म्हण. तुझं काय जातंय?” माझं काय जातंय! माझा कान जातो, अजून काय. म्हणून ‘छान’ नाही म्हटलं, ‘गोल’ म्हटलं. गाण्यात गोल आवाज म्हणजे चांगलाच आवाज. पण गोल गोल बोलणं म्हणजे काय, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मारुतीरावांना तेवढं ठाऊक नसावं. लहान मुलासारखे खुलले.

आणि त्यांच्या त्या मंडळी! शेवंतीबाई. पहिल्यांदा भेटतोय, मुलीकडचे आहोत, पण एक शब्द धड नाही. बोलल्या ते तोंडातल्या तोंडात. कोपऱ्यात पदर गालावरून ओढून बसल्या आणि पूर्ण वेळ तोंड वाकडं. माझ्या नारळाच्या वडीचा तुकडा गालात धरून बसल्या होत्या. आवडली नाही तर नाही म्हणा की! मी आपणहून त्यांच्याकडे बघून हसले, तर समोरून तेच वाकडं तोंड. अक्षदा ह्या बाईबरोबर एका घरात राहणार आहे. मला धडकी भरली.

सोमवार, ६ जानेवारी

क्लासला त्या नवीन मुलीचा गंधार सारखा उतरत होता. “गोल आहे” म्हणून सोडून द्यायचं होतं का? लावून घेतला. रडली, पण शेवटी लागला.

गुरुवार, ९ जानेवारी

मारुतीरावांचा फोन. माणूस गोड आहे, हे मान्य करायला हवं.

“ताई, तुमचं ते ‘गोल’ मी सगळ्यांना सांगितलं! सोसायटीत सांगितलं, गावाकडं भावाला सांगितलं. म्हटलं, गाण्यातल्या बाईंनी पावती दिलीय!” झालं! माझं नाव लावून त्या बोद्या आवाजाची जाहिरात चाललीय माजिवड्यापासून साताऱ्यापर्यंत!

वर म्हणतात, “अक्षदा म्हणत होती तुमचं जुनं रेकॉर्डिंग आहे. रविवारी घेऊन या. आपल्या घरात आपल्या माणसाचं गाणं वाजलं पाहिजे.”

आपल्या माणसाचं. बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू? ह्या घरात इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नाही, लाव गं तुझं गाणं. ते रेकॉर्डिंग एकच आहे. गच्च भरलेल्या हॉलमधल्या मैफलीचं, अक्षदा पोटात होती तेव्हाचं. कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर करून घेतलंय, पण ऐकत नाही. तशी मैफल परत झाली नाही, आणि का झाली नाही ते उगाळत बसायचं नाही असं ठरवलंय.

ह्यांनी विचारलं, “नेणार आहेस?” म्हटलं, नेणार. “ने. पण तिथे काही बोलू नकोस.” बघा! गाणं माझं, आणि बोलायचं नाही ते मीच!

रविवार, १२ जानेवारी

लिहून टाकते, नाहीतर कुणावर तरी ओरडेन.

पुन्हा तोच अंधार, तेच पडदे. कोपऱ्यात शेवंतीबाई, पदर गालावर. मारुतीरावांनी पेन ड्राइव्ह देवाला फूल वाहावं तसा हळूच खोचला. आणि माझा आवाज आला. माझा कसला! तोंडावर उशी दाबलीय आणि तिच्याखालून कुणीतरी बाई गातेय. तार षड्जावर तेव्हा सगळा हॉल “आहा” म्हणाला होता, मला अजून आठवतं. इथे तो षड्ज आला कधी आणि गेला कधी. माझं असं उभ्या जन्मात एकच गाणं उरलंय, आणि त्याची ही दशा! डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. ह्यांना वाटलं, मला भरून आलं.

“कसं वाटलं, ताई? खरं सांगा.” तेच म्हणाले, खरं सांगा!

मी सुरुवात गोडच केली, देवाशपथ. म्हटलं, खर्ज काय सुंदर येतो तुमच्याकडे. मांडणी उत्तम, यंत्रं उत्तम, तुमची हौस बघून आनंद होतो. “पण?” हे ‘पण’ त्यांनी म्हटलं, मी नाही! मग म्हटलं, “मारुतीराव, वरचा सगळा आवाज कुणीतरी कापून टाकलाय. तंबोऱ्याचा झणकार नाही, तबल्याची चाट नाही. जाणता माणूस बोलावून ट्रेबल तेवढा नीट लावून घ्या, सोनं होईल.” एवढं सभ्य मी माझ्या नवऱ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

ते म्हणाले, “ते मुद्दामच कमी ठेवलंय, ताई. आम्हाला असंच बरं वाटतं.”

जरा अवघडल्यासारखं झालं. म्हटलं वातावरण हलकं करावं. म्हणून थट्टेनं, अगदी थट्टेनं म्हटलं, “आम्हाला म्हणजे कुणाला? शेवंतीताईंना तरी कुठे पटलाय हा आवाज? बघा की, दोन्ही वेळा तोंड वाकडं करून बसल्यात!” आणि हसले.

कुणी हसलं नाही. प्रीतमनं मान खाली घातली. शेवंतीबाई काहीतरी पुटपुटत उठल्या आणि आत गेल्या. मारुतीरावांनी बटण दाबलं, माझी तान मधेच तुटली. चहा नंतर प्रीतमनं आणून दिला. निरोप द्यायला लिफ्टपर्यंतही तोच आला, एकटा.

माणकोलीच्या पुलावर अक्षदा फुटली. “आई, तू असं बोलूच कसं शकतेस?”

“त्यांनी विचारलं म्हणून!”

“त्यांनी स्पीकरबद्दल विचारलेलं!”

“मग मी कशाबद्दल बोलले?”

“जाऊ दे. तुला बोलायची मजा येते ना? बस मग.” आणि खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. हे पुढच्या सीटवर बसून खाडीचं पाणी बघत होते, जसं काही ह्यांचं आमच्याशी नातंच नाही.

एका स्पीकरला नावं ठेवली म्हणून एवढं! खरं ऐकायचं नसतं तर विचारता कशाला रे बाबांनो?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळं जग गोड बोला म्हणत फिरतंय. माजिवड्याहून फोन नाही, मेसेजसुद्धा नाही.

अक्षदा ऑफिसातून परस्पर तिकडे जाऊन आली. हातात डबी. “काय गं?” “हलवा. प्रीतमच्या आईनं स्वतः केलाय. तुला पण दिलाय.” मी हात लावला नाही. माझ्याशी दोन शब्द बोलायला जिची जीभ उचलत नाही, तिचा गोड हलवा मला नको. अक्षदानं डबी ओट्यावर ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. आजकाल ती माझ्याशी दोनच शब्द बोलते. ‘डबा’ आणि ‘येते’.

शनिवार, १८ जानेवारी

साखरपुडा पुढे ढकलला.

सोळा फेब्रुवारी ठरली होती. हॉल बोललेला, माझ्या माहेरची माणसं सांगून झालेली. आज प्रीतमचा फोन, तोही मला नाही, ह्यांना. “काका, थोडे दिवस थांबू या. घरी आईचा मूड ठीक नाहीये.” मूड! बाईंचा मूड ठीक नाही म्हणून माझ्या मुलीचं लग्न टांगून ठेवायचं!

अक्षदाला विचारलं, नक्की झालंय काय त्यांना? म्हणाली, “वाईट वाटलंय त्यांना. साहजिक आहे.” नवऱ्याच्या स्पीकरवर एवढा जीव? मी बघितलंय की, ऐकताना तर कान झाकून बसतात! हे मी म्हटलं, तर अक्षदा माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी कुणी परकी, वाईट बाई आहे. काहीतरी बोलणार होती. ओठ हलले. मग नुसतंच, “मला सांगता येत नाही, आई. मी शब्द दिलाय.” कुणाला शब्द, कसला शब्द? मला काही नाही. आई आहे ना मी, मला कशाला सांगायचं!

मी घाबरलेय. हे इथेच लिहिते. हे लग्न मोडलं तर ही पोरगी मला जन्मभर माफ करणार नाही. प्रीतम चांगला मुलगा आहे, तिच्यावर जीव आहे त्याचा. आणि मोडणार कशापायी, तर ट्रेबलपायी! लोकांना काय सांगू मी?

सोमवार, २० जानेवारी

हे जेवताना म्हणाले, “एक फोन करून माफी मागून टाक.”

“कशाची?”

“कशाची का असेना.”

“मला कान आहेत ह्याची माफी मागू?”

“देवयानी, तुझा कान बरोबरच असतो गं. पण त्यानं घरात माणूस टिकत नाही.” आणि ताट घेऊन उठले. आयुष्यभर ‘छान छान’ करणारा माणूस, आणि बोलला तर हे! आमटी तशीच ठेवून मीही उठले. रागावलेय की रडायला येतंय, मलाच कळत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

जिंकले!

मारुतीरावांचा फोन. आवाज जरा उतरलेला, पण अदब तीच. “ताई, तुमचं बरोबर होतं. माणूस बोलावून सगळं पहिल्यासारखं करून घेतलं. आता अगदी लख्ख येतंय. रविवारी या, तुमचं रेकॉर्डिंग परत लावू. मागच्या वेळी मधेच बंद केलं, ते मला बरं वाटलं नाही.”

म्हणजे आवाज कापलेलाच होता! मी म्हटलं होतं! ह्यांना स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, ऐकलंत का! मग मोठ्या मनानं विचारलं, “शेवंतीताईंना आवडला का आता?”

म्हणाले, “ती आत असते.”

रविवार, २६ जानेवारी

अक्षदा आली नाही. “तुम्ही दोघं जा,” म्हणाली. गेलो.

आज पडदे उघडे. मारुतीराव एकटेच सोफ्यावर. पेन ड्राइव्ह लावला आणि... काय लिहू! तंबोरे आले! खोलीभर झणकार. तबलजींच्या बोटातली अंगठी एकदा तबल्याला लागली होती, तीसुद्धा ऐकू आली. आणि माझा आवाज. तरुण, धारदार, माझा. माझा तार षड्ज जरासा चढा लागलेला, हेही ऐकू आलं. इतकी वर्षं मी तो बिनचूक समजत होते! असू दे. चढा तर चढा, पण जिवंत होता. मी मनापासून म्हटलं, “मारुतीराव, हे खरं.”

“हो ना,” म्हणाले. पण पहिल्या वेळसारखे खुलले नाहीत. टाळी नाही, ‘आहा’ नाही. सारखं आतल्या खोलीच्या दाराकडे लक्ष. दार बंद होतं, खालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. टॉवेल! विहीणबाई आहेत घरात, पाहुणे आलेत, बाहेर यायचं नाही ते नाहीच, वर माझं गाणं ऐकू नये म्हणून दाराला टॉवेल! एवढा आकस?

साखरपुड्याचं ह्यांनी हळूच काढलं. मारुतीराव म्हणाले, “बघू या. तिच्याशी बोलतो.”

तिच्याशी! सगळं त्या बाईच्या हातात आहे. येताना पुलावर मी ह्यांना म्हटलं, माणूस देवासारखा आहे हो, पण बायको कसली मिळालीय. हे पुन्हा खाडीचं पाणी बघत बसले.

गुरुवार, ३० जानेवारी

सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकवाचं सांगून आले, मंगळवारी संध्याकाळी. रथसप्तमीपर्यंत उरकायला हवं. माजिवड्याला ह्यांनी फोन करून टाकला, मला न विचारता. शेवंतीबाई थोड्याच येणार आहेत!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आल्या. एकट्या. सगळ्या बायका गेल्यावर, मुद्दाम उशिरा.

ट्यूबलाइटच्या उजेडात मी त्यांचा चेहरा आज पहिल्यांदा नीट बघितला. कुंकू लावताना त्यांनी डोळे मिटले. उजवा मिटला. डावा मिटलाच नाही. डाव्या कानात कापसाचा बोळा. डावा गाल, ओठ, सगळी बाजू सैल, न हलणारी.

त्याच म्हणाल्या, “मागल्या वर्षी तोंडावरनं वारं गेलं. बाकी सुधारलं, एवढं राहिलं. मीच अक्षदाला शपथ घातली होती, घरी बोलू नको म्हणून. लग्नाच्या आधी लोक काय काय बोलत्यात.” डाव्या कानाला बारीक आवाज सुईसारखा टोचतो, म्हणाल्या. बांगड्यासुद्धा सोसत नाहीत. काचेच्या काढून टाकल्यात. “मला त्यांच्याशेजारी बसता यावं म्हणून त्यांनी आवाज कापून ठेवला होता, ताई. आता मी आत असते. पण तुमचं गाणं दारातनं ऐकलं थोडं. गोड गाता.”

मग माझा हात धरून, “तारीख सोळाच ठेवू. पोरांनी काय केलंय?”

मी तबकातल्या कुंकवाकडे बघत राहिले. वर बघितलं, तर तेच वाकडं तोंड.

“हसतीय हो मी,” म्हणाल्या. “दिसत नाही, एवढंच. त्या पहिल्या दिवशीपण हसले होते. वडी छान झाली होती.”

उद्या सकाळी मारुतीरावांना फोन करायचा. आवाज आधीचाच बरा होता, म्हणायचं. गोल होता.